पोळ्याच्या दिवशीचा चोथा

आबा, रसाच्या दुकानामागे टाकलेला मोसंबीचा चोथा तुम्ही कितीदा पाहिला असेल. वरून वाळलेला, बोट खुपसले की आत ओला, कोमट, आंबूस. भर उन्हात पडूनही तो वाळत का नाही? सालीतला पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ पाणी धरून ठेवतो म्हणून. त्यावर विकर, म्हणजे ही पकड तोडणारे प्रथिन, मिसळून काही तास ठेवले की दाबल्यावर पाणी सुटते, चोथा लवकर वाळतो, टिकतो आणि कडब्यात थोडाथोडा मिसळला तर जनावराला पचतो. किती सुंदर गोष्ट आहे ही! परभणीला शिकत असताना मी ती तुम्हाला ओसरीवर समजावली होती, असल्या चोथ्याचे पोतेही आणले होते. तुम्ही म्हणालात, "बैलाला बी आता दवाई चारायलीस का?"

त्या पोळ्याला तुम्ही टेम्पोभर ओला चोथा आणलात आणि सण बैलाचा म्हणून थोरल्या बैलापुढे ओतलात. मी आडवी आले. "आबा, आंबलाय तो. बैल फुगंल."

"सरक. आज तरी त्याला पोटभर खाऊ दे."

शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि तो खातो आहे. दिवस मावळायच्या आत तो आडवा पडला. पोखर्णीहून डॉक्टर येईपर्यंत संपलाही. गोठ्यात तुम्ही, आई आणि मी, तिघेच होतो. "हे तुज्या दवाईनं झालं," तुम्ही म्हणालात.

"माजं पोतं तर अजून शिवलेलंच हाय, आबा."

तुम्ही विळा घेतलात, पोते फाडलेत, बैलाच्या तोंडापुढे उपडे केलेत. "आता हाय का शिवलेलं?" आई गव्हाणीकडे बघत राहिली. मग ते माझे पोते दाखवायला तुम्ही गल्लीला हाक मारलीत.

तुम्ही वारलात तेव्हा मला हायसे वाटले. वाटले, ते खोटेही तुमच्याबरोबर गेले. परवा आपल्याच गावात, दूध काढणाऱ्या बायकांसमोर मी विकर लावून वाळवलेल्या चोथ्याचे पोते उघडले, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "बापाचा बैल मारलेली तूच न्हवं का गं?" सगळ्या हसल्या. मी पहिल्यांदाच खरे सांगितले, की मारला तो आबांनीच. ती म्हणाली, "मेलेल्या बापावर ढकलायलीस व्हय?" मग कोणी हसले नाही. कोणी पसाभर चोथाही नेला नाही.

हे पत्र कुठे जायचे नाही. चाऱ्याच्या नमुन्यांच्या कपाटात पडून राहील. एवढे मात्र कबूल करते, की त्या बायकांनी त्या दिवशी माझ्याकडून जे एकच शिकून घेतले, ते तुम्ही मला शिकवलेले होते, आणि तुमचे नाव मी मुद्दाम घेतले नाही. नवे काहीही चारले की जनावराच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ टेकवून थोडा वेळ गप्प उभे राहायचे. आतून मुठीला संथ ढकल बसली, तर पोट चालू आहे. खळगा भरून ढोलासारखा ताठ लागला, तर आधी गव्हाणीतले उचलायचे, मग डॉक्टरला बोलवायचे.