मळा नापीक सांगितल्याची कबुली

प्रति,
मे. तहसीलदार साहेब,
तालुका बाळापूर, जिल्हा अकोला (वऱ्हाड)

अर्जदार: पार्बताबाई, बेवा देवीदास माळी, राहणार मौजे निंबखेड, पातूरजवळ

विषय: गाववाढीच्या चौकशीत दिलेले उत्तर मागे घेऊन मळ्यातल्या खुंट्या काढवण्याबद्दल.

संदर्भ: पौषात चावडीवर घेतलेली रहिवाशांची मते.

महोदय,

१. पौषात सरकारी कारकून चावडीवर बसून घरोघरच्या माणसांना विचारत होते की, गाव वाढवायचे तर कोणीकडे वाढवावे आणि कोणाच्या जमिनीत काय पिकते. अर्जदार बाईची पाळी आली तेव्हा तिने हात जोडून सांगितले, "काईच पिकत नाई जी. निरे गोटे हायेत." कारकुनांनी तसे लिहून घेतले.

२. हे खोटे होते, हे बाई कबूल करते. पण सरकारला फसवण्याचा हेतू नव्हता. परक्यापुढे आपले पीक चांगले म्हणू नये, नजर लागते, अशी इकडची रीत आहे, आणि त्या दिवशी सगळ्या गावाने तेच केले. किसनराव पाटलांनी आपल्या काळ्याभोर वावराला बरड म्हटले. बाईने सगळ्यांहून वाईट सांगितले, कारण तिचा मळा सगळ्यांहून चांगला. तिचा नवरा देवीदास मात्र एका व्यापाऱ्यापुढे वांग्यांची तोंडभर तारीफ करून बसला होता. त्या वर्षीचा पोळा त्याने पाहिला नाही. तेव्हापासून बाई सख्ख्या भावापुढेही मळ्याला नावे ठेवते.

३. आता कागदावरून गावातली सर्वांत टाकाऊ जमीन बाईचीच ठरली, आणि नवी वस्ती तिथेच बसायची आहे. परवा वांग्यांच्या वाफ्यांत खुंट्या ठोकल्या. बाई बांधावर उभी राहून पाहत होती. पाटील म्हणतात, जबानी फिरवशील तर तुरुंगात जाशील. न फिरवावी तर मळा जातो. म्हातारी सासू तानुबाई आणि ती, दोघींचे पोट याच मळ्यावर आहे.

४. खरे काय ते स्पष्ट लिहिल्याशिवाय अर्ज चालणार नाही, असे अर्जनवीसाने तिला बजावले. मग बाई कचेरीच्या आवारात कोणी ऐकत नाही ना हे पाहून, पदर तोंडाशी धरून बोलली, "माहा मळा लय पिकते, साहेब. असा तालुक्यात नाई." लगेच तिला रडू फुटले, आणि ते वाक्य खोडा म्हणून ती पाया पडू लागली. ते खोडलेले नाही. त्याचे जे काही व्हायचे ते लिहिणाऱ्याच्या माथी.

तरी हुजुरांनी एकदा स्वतः मळ्यात येऊन पाहावे व खुंट्या काढवाव्यात. बाईला शिक्षा द्यायची तर द्यावी, पण मळा ठेवावा. आणखी एकच विनंती आहे. पाहिल्यावर 'छान' म्हणू नये. नुसती मान हलवली तरी बाईला कळेल.

सरकारच्या पायरीशी बसलेली नम्र अर्जदार,
पार्बताबाई
(निशाणी डावा अंगठा. डोळे पुसून ओल्या बोटाने टेकवल्याने फाकला आहे, पण तिचाच आहे.)

लिहिणार: गोवर्धन, अर्जनवीस, बाळापूर
ता. ९ फेब्रुवारी १९३७

सोबत: मळ्यातली वांगी, एक टोपली. वरचे फडके कोणी पाहत नसताना काढावे.