बेडकीला टर्बो नको

सापगाव,
१२ जुलै २००१

हरेशराव मस्कतवाले यांस,

म्हणजे हऱ्या, तुलाच. वर्कशॉपचा फोरमन झालास म्हणून राव लावलं, सवय करून घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक. लावणी उरकली. तुझी काजलवहिनी मजेत आहे. परवा काजलला घेऊन खर्डीला तुझ्या आईला भेटून आलो. गुडघा दुखतो म्हणते, पण तोंड शाबूत आहे. म्हणाली, "त्येला सांग, गाड्या तिकडं पन हायत न् हिकडं पन हायत. आई हिकडंच हाय." जसंच्या तसं कळवतोय.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. ठोकलेल्या गाडीतून काढलेलं टर्बोवालं इंजिन तू कंटेनरने पाठवणार. मी ते आपल्या जुन्या जपानी बेडकीत बसवायचं. ती तयार झाली की तू नोकरी सोडून यायचं आणि आसनगावला हायवेलगत दोघांनी गॅरेज टाकायचं. मुंबईचे शौकीन लोक बेडकी पळताना बघून आपापल्या गाड्या घेऊन धावत येतील. बेत झकास आहे. फोटोतलं इंजिनही देखणं आहे.

पण जरा दमाने घे. माझं विचारशील तर जुनंच इंजिन खोलू, सील बदलू, रेडिएटर मोठा टाकू आणि गप्प बसू. माळशेज चढताना आत्ताच गरमीचा काटा वर जातो, टर्बो टाकला तर बोनेटवर चहा ठेवता येईल. ब्रेक सोळा वर्षांचे आहेत. गिअरबॉक्सला तेवढी ताकद सोसेल की नाही, देव जाणे. शिवाय तुला काय शिकवायचं, हे पिस्टनचं इंजिन नाही. तिकोनी रोटर फिरतो आणि सगळा भार त्याच्या टोकांवरच्या त्या बारीक सीलपट्ट्यांवर. एक पट्टी तुटली की खेळ खलास.

जुन्या इंजिनाने आपल्याला काय कमी दिलं? मुरबाड रस्त्याच्या बंगलेवाल्या शेटने ती भंगारात काढली, तेव्हा तू तिच्या स्टेअरिंगवर आणि मी पुढे ट्रॅक्टरवर, अशी आणली आपण. हेडलाइट टपकन वर आले तेव्हा पोरांनी बेडकी नाव ठेवलं. पंपावरचा धर्मा तिचा फटफट आवाज ऐकून तिला स्कूटरच समजला आणि पेट्रोलमध्ये टू-टी तेल ओतून मोकळा झाला. आपण त्याला काय काय बोललो! आणि वर्षाने तूच मस्कतहून लिहिलंस की रोटरीवाले मुद्दाम तेल मिसळतात, पट्ट्या टिकतात. धर्मा अजून ते ऐकवतो.

फोन करू नकोस. लाइनवर खरखर असते, निम्मं कळत नाही. पत्रच बरं.

तुझा
भग्या

•

सापगाव,
३० ऑगस्ट २००१

हऱ्या,

रागावलास. पत्राला वर 'प्रिय' नाही की खाली 'तुझा' नाही. फोन केला की दर वेळी काजल उचलते, मागे टीव्ही मोठ्याने चालू असतो म्हणजे भग्या घरातच आहे, तरी तो येत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. टीव्ही खरंच मोठा असतो. काजलही ओरडते त्यावरून.

माझ्याबरोबर धंदा करायचा नसेल तर तसं सांग, असं लिहिलंस. तसं काही नाही. असलं मनातही आणू नकोस.

मुद्द्याचं बोलू. रेडिएटर तू पाठवतोस, ब्रेक पाठवतोस, गिअरबॉक्स त्याच गाडीचा मिळतोय. म्हणजे माझ्या सगळ्या तक्रारी तू एकेक करून निकालात काढल्यास. उरलं ट्युनिंग. आपल्याकडचं पेट्रोल कसं असतं ते तुला ठाऊक आहे. टर्बो लावलेल्या रोटरीत हवा-पेट्रोल जरा कमीजास्त झालं की आतून बारीक टक येतं. ते आलं की त्याच क्षणी पाय उचलायचा. दुसरं टक ऐकायला इंजिन शिल्लक राहत नाही.

त्यावर तू लिहितोस, "त्याची काय काळजी, तुझा कान आहे ना. त्या कानावर तर मी नोकरी सोडतोय."

हे वाचून पत्र घडी करून ठेवून दिलं. आठवडाभर पुन्हा उघडलं नाही.

इंजिन अजून पाठवू नकोस. राजीनामाही दिवाळीपर्यंत देऊ नकोस. का, ते आत्ता विचारू नकोस.

भगीरथ

•

सापगाव,
१८ ऑक्टोबर २००१

प्रिय हरेश,

तू काल फोनवर काजलला म्हणालास की राजीनामा लिहून तयार आहे, सोमवारी साहेबाच्या टेबलावर ठेवणार. तिने मला ते पाटीवर लिहून दाखवलं. आमच्या घरात आता एक पाटी असते. मग तिने दुपारीच तुमच्या वर्कशॉपवर उलट फोन लावला आणि भग्याचं पत्र येईपर्यंत थांबा म्हणून तुझ्याकडून शब्द घेतला. हे ते पत्र.

मला ऐकू येत नाही, हऱ्या. अगदीच बहिरा नाही. ट्रकचं इंजिन, ढोल, दाराची कडी, असलं जाड जाड येतं. बारीक सगळं गेलं. माणसं बोलतात ते ओठ बघून निम्मं जुळवतो. फोनवर तुझा आवाज नुसता भुंग्यासारखा लागतो, त्यात शब्द नसतात. लाइनची खरखर वगैरे सगळं खोटं होतं. तुझ्या आईचं ते वाक्यही काजलने घरी आल्यावर मला पुन्हा सांगितलं. मी तिथे नुसती मान हलवत होतो.

कळलं ते मे महिन्यात. काजलला घेऊन मुरबाडला तिच्या माहेरी निघालो होतो. रस्ता मोकळा, बेडकी रंगात आलेली. तुला माहीत आहे ती कशी चढत जाते, इंजिनाला दम लागलाय असं कधी वाटतच नाही. म्हणून तर जपान्यांनी बझर दिलाय, फेऱ्यांचा काटा लाल रेघेशी गेला की कर्कश वाजतो. काजलने माझा दंड धरला. तिच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं ती काय म्हणतेय, "अवो, काय वाजतंय ह्ये मघापासून?" मी काट्याकडे बघितलं. तो केव्हाच लाल रेघ ओलांडून गेला होता.

गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडून उगाच इकडेतिकडे हात लावत राहिलो. तिला म्हटलं, वायर सैल आहे.

पुढे कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि हातात बटण. आवाज आला की दाबा. मी बटणावर अंगठा ठेवून चाचणी सुरू व्हायची वाट बघत बसलो. तेवढ्यात दार उघडून चाचणीवाल्या बाई म्हणाल्या, झालं. मुरबाडच्या कारखान्यात अकरा वर्षं प्रेस मशीनवर काढली, त्याची ही कमाई. कापसाचे बोळे घालायला सांगायचे, आपण हसायचो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. कानाला मशीन लावलं तर माणसांचं बोलणं थोडं कळेल, इंजिनाच्या आतलं टक मात्र विसरा.

तुला आधी का नाही सांगितलं? तू माझ्या कानाच्या भरवशावर येणार होतास. कान गेला म्हटलं तर तू येणार नाहीस, अशी भीती वाटली. म्हणून रेडिएटरवर ढकललं, ब्रेकवर ढकललं. तू राजीनाम्यापर्यंत पोचलास तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली. दोन्ही पत्रं लिहिताना हे एक सोडून सगळं लिहिलं मी.

तर आता सरळ हिशेब. टर्बोचं इंजिन आलं तर मी ते बसवीन, अजून माझ्यासारखं कोणी बसवणार नाही. पण ट्यून करू शकणार नाही. पहिल्याच घाटात ते फुटेल आणि मला ते धूर बघून कळेल. जुन्या इंजिनाला नवे सील टाकले तर ते मी हातानेही सांभाळीन. बोनेटवर तळवा ठेवला की पुष्कळ कळतं. गॅरेज टाकायचंच असेल तर ऐकायचं काम तुला करावं लागेल, माझ्याकडे फक्त हात आहेत. हे जमणार असेल तर राजीनामा दे. नसेल तर देऊ नकोस. मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. पण वाटेल. तरीही तू तुझंच बघ.

एक सुधारणा मात्र तुला न विचारता केली. बझरच्या वायरीला रिक्षाच्या इंडिकेटरचा बल्ब जोडून काट्याशेजारी बसवलाय, लाल काचेचा. काल मुरबाड रस्त्यावर बघितलं. काटा रेघेशी गेला की लागतो, खाली आला की विझतो. तो लागतो तेव्हा बझरही वाजत असेल, असं मी धरून चालतो.

खरंच वाजतो का, ते तू येशील तेव्हा ऐकून सांग.

तुझाच,
भग्या