महिपतरावांवर पडलेलं छत

लष्कर, ग्वाल्हेर
मे १९५७

नाही गं बाई, भोपाळला यायचं यंदा काही जमत नाही. तू विचारलंस, मी सांगितलं. आता रीतीनं: चि. सौ. राजलक्ष्मी सूनबाईस सासूचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? दफ्तराबरोबर तिकडे हललेला तुझा नवरा भालचंद्र बरा आहे ना? (पूर्वी तो माझा मुलगा होता. संस्थानासारखा तोही विलीन झाला.)

जमत नाही ते आपल्या गल्लीतल्या प्याऊमुळे, म्हणजे पाणपोईमुळे. उन्हाची धूप अशी, की माठातल्या पाण्यात नुसती चहाची पत्ती टाकावी. म्हणून वर कापडी छत ताणायचं ठरलं. तुझे सासरे दरबारच्या फर्राशखान्यात शामियाने उभारायचे, म्हणून काम माझ्या गळ्यात. (ते उभारायचे, मी डबा पाठवायची. पण ऐकतं कोण?) जाडंभरडं कापड जोडून शिवलं, बोटांची चाळण झाली. चार बांबू, चार दोर, चार माणसं. एक दोर बांधायचा, मग समोरचा ओढायचा, की झालं. पण चौघांतले महिपतराव अडले. पहिला दोर आमचा, दरबारात आमची खुर्ची पहिल्या रांगेत! कृष्णराव भडकले, "कसली खुर्ची? दरबार गेला, राजधानी गेली, आता सगळे सारखे!" सकाळची दुपार झाली. मी इतकी कंटाळले, की म्हटलं, सारखे ना? मग ओढा सगळे एकदम!

ओढलं. एवढी एकी या गल्लीत मी जन्मात पाहिली नाही. छत मधोमध टर्रकन फाटलं, बांबू उखडले आणि सगळं चौघांवर येऊन बसलं. आत अंधार, तरी भांडण चालूच, की आधी बाहेर कोण निघणार! टांगेवाला थांबून विचारतो, "अम्मा, भीतर दरबार लगा है क्या?" हसून हसून मी ओट्यावरच बसले.

आता ते पुन्हा शिवायचं. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, तेव्हा येणं नाही.

तुझी सासू

ता. क. भालचंद्रला म्हणावं, तिकडे चांगली सुतळी मिळाली तर पाठव.

आणखी ता. क. सुतळी राहू दे. खरं सांगते, नवं छत परवाच लागलं. महिपतराव आणि कृष्णरावांनीच मिळून लावलं, मला हाकसुद्धा मारली नाही. आणि छत पडलं त्या दिवशी मी हसत घरी आले, सांगायला तोंड उघडलं, तर घरात कोणी नाही. मला एकटीला इथं राहवत नाही गं. भालचंद्रला मला घ्यायला पाठव.