गल्लीत न मावणारी गाडी

३ नोव्हेंबर

आली एकदाची चिलखती गाडी! पोलीस ठाण्याच्या फाटकातून आत शिरेना, म्हणून वरची कमान पाडली. राखाडी रंग, छातीला लागतील एवढी चाकं, खिडकीच्या जागी नुसत्या फटी. साहेब नव्या घोडीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवत होते. कारकून माझ्या कानाशी — "ताई, आता फक्त सरहद्द शोधायची राहिली!" हसायचंही त्राण नव्हतं. आठवडाभर बंदोबस्तच चाललाय.

बुलेटप्रूफ जॅकेटं, हेल्मेटं, बूट सगळ्यांना मिळाले. बायकांच्या मापाचं काहीच नाही. बुटात कापूस कोंबला.

६ नोव्हेंबर

पाठ मोडली. ते जॅकेट घालून पळायचं, जिना चढायचा, दार फोडायचं. शिकवायला आलेला माणूस लष्करातून निवृत्त झालेला. वाईट नाही. पण म्हणतो, "दार उघडेपर्यंत आत शत्रूच आहे असं धरून चालायचं." मी विचारलं, "आणि आतल्याने आपणहून उघडलं तर?" सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, चला, पुढचं दार.

घरी आले तर आमचे हे म्हणतात, "कुठल्या मुलखावर स्वारी?" म्हटलं, तुमच्यावरच! भाजी चिरायला घ्या.

९ नोव्हेंबर

खरं तेही लिहायला हवं. गेल्या साली माझ्याबरोबरच्या शिपायाच्या पोटात सुरा गेला, तेव्हा आमच्या हातात नुसत्या काठ्या होत्या. वाचला, पण अजून वाकून चालतो. आज ठाण्यात आला होता. माझं जॅकेट मांडीवर घेऊन बसून राहिला. म्हणाला, "हे तेव्हा असतं ना, ताई..."

जॅकेट हवंच. पण ते अंगात चढलं की आमची पोरं चालतात कशी, बोलतात कशी! परवा साध्या भाजीवाल्याला हटवायला चौघे हेल्मेट घालून गेले.

१० नोव्हेंबर

आले. जेवले. झोपते.

१४ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून टाकते.

दुपारी आमच्या हद्दीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या मुलीचा फोन — "मावशी, बाबांनी परत कोंडून घेतलंय. सुरी आहे हातात. तुम्ही या ना." बायको गेल्यापासून त्यांचं मधूनच असं होतं. याआधीही मीच गेले होते. जिन्यात बसायचं, दाराआडून बोलत राहायचं. आधी रडतात, मग शिव्या देतात, मग दार उघडतात. आणि वर मलाच — "एवढा वेळ बसलात, चहा तरी मागायचा!"

साहेबांना हे सगळं सांगितलं. "सुरी आहे ना? मग पथकच जाणार."

गाडी गल्लीत मावेना. शिंप्याच्या दुकानाचा पत्रा ओरबाडत घुसली. भोंग्यावरून हुकूम — बाहेर या! हात वर! आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी हेल्मेट काढलं. म्हटलं, "साहेब, मला जरा वेळ द्या. ओळखतात ते मला."

"एवढी माणसं ताटकळत ठेवून तुम्ही गप्पा मारणार? आत तुम्हाला काही झालं तर? हेल्मेट घाला!"

घातलं.

दार एका दणक्यात गेलं. आत धुराचं नळकांडं फेकलं, धूरच धूर. घड्याळजी मागच्या गॅलरीकडे धावले आणि कठड्यावरून खाली.

जिवंत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. सुरी टेबलावर पडलेली होती, पावाशेजारी.

मुलगी माझ्या छातीवर मुठी आपटत होती. "मी तुम्हाला बोलावलं होतं! तुम्हाला!" जॅकेटामुळे मला काही लागतच नव्हतं.

१५ नोव्हेंबर

अहवालात लिहिलंय — कारवाई यशस्वी, पथकात कुणालाही इजा नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. नंतर मात्र मला खोलीत बोलावलं. बराच वेळ पेनाची उघडझाप करत राहिले. "गेल्या साली सुरा लागला त्या पोराला मी स्वतः उचलून गाडीत घातलं होतं. त्याच्या आईला मी तोंड दिलंय. परत नाही जमणार मला." माणूस खोटं बोलत नव्हता. मग मी भांडू कुणाशी?

१८ नोव्हेंबर

इस्पितळात जाऊन आले. साध्या साडीत. मुलगी मला बघून बाहेर निघून गेली. घड्याळजी छताकडे बघत पडले होते.

"तुम्ही होतात का त्यात?"

"होते."

"कळलं नाही. सगळे सारखेच दिसत होतात." मग माझ्याकडे मान वळवून — "एक हाक मारायची होती हो. आवाज ओळखला असता मी."

चहा विचारला त्यांनी. मला बसवेना.

२३ नोव्हेंबर

ठाण्यात असतानाच वहिनीचा फोन. रडत होती. दादाची नोकरी गेल्यापासून तो गप्पच होता. आज कोयता घेऊन माळ्यावर गेलाय, आतून कडी लावलीय. "हाकेला ओ देत नाही गं. पोलिसांना बोलावते मी."

"नको!" मी ओरडलेच. "वहिनी, पोलिसांना नको बोलावूस! मी येते."

सगळं ठाणं माझ्याकडे बघत राहिलं.