आत्या, जिन्याला रेलिंग बसलं, आता ये

बोरीवली, मंगळवार

ती. जयंतीआत्यास,

शौनकचा शि. सा. नमस्कार. मुलुंडला सगळं ठीक ना? गुडघा काय म्हणतोय? प्रेशरची गोळी वेळेवर घेतेस ना? तू धडधाकट असणं सध्या मला फार गरजेचं आहे (का, ते शेवटी). फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आत्या, आमच्या जिन्याला रेलिंग बसलं! दोन वर्षांपूर्वी तुझ्या लाडक्या भाचीच्या, गार्गीच्या साखरपुड्याला आलीस आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धरायला काही नव्हतं म्हणून घसरलीस. तुला नुसतं खरचटलं, करंज्यांचा डबा मात्र तळमजल्यापर्यंत गेला. तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालीस, "रेलिंग लागेपर्यंत या घरात पाऊल टाकणार नाही." आणि नाहीच टाकलंस. लग्नालाही हॉलवरूनच परत गेलीस. दोन दिवाळ्या अगदी अळणी गेल्या गं, खरंच सांगतो.

मग मी सोसायटीच्या दर मीटिंगला विषय काढला. इंजिनिअर आणला. तो म्हणाला, पायरीच्या पुढच्या कडेपासून मोजून निदान नव्वद सेंटीमीटर उंच हवं, भिंतीपासून बोटं मावतील एवढं दूर हवं आणि वळणावर तुटता कामा नये. झालं! तळमजल्यावरचे राजेशभाई (आमचे खजिनदार, जिन्याशी संबंध शून्य) म्हणाले, जिना अरुंद होईल, सोफा कसा चढवायचा? चौथ्या मजल्यावरच्या क्षमाताईंना नव्वद जास्त वाटले, कारण त्या स्वतः पावणेपाच फूट. दीड तास नुसता डोक्याला ताप. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी जयंतीआत्या याच जिन्यावर पडली, आणि..." पुढे 'आणि तेव्हापासून आमच्याकडे येत नाही' असं म्हणायचं होतं, पण गळाच दाटून आला. (तू आठवलीस. करंज्याही आठवल्या.) मी खाली बसलो.

बघतो तर बाकीचे सगळे उभे! दोन मिनिटं शांतता. राजेशभाईंनी डोळे पुसले. मी सांगणारच होतो, पण तेवढ्यात ठराव एकमताने पास झाला. अगं, आमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीवरसुद्धा कधी एकमत झालेलं नाही, हे मोडवेल कोणाला? म्हटलं, आधी वेल्डिंग होऊन जाऊ दे.

रेलिंग झकास झालंय. दोन्ही बाजूंना, कुठेही न तुटता, थेट आमच्या दारापर्यंत. मी डोळे मिटून चढून बघितलं. फक्त पहिल्या पायरीशी एक पितळी पाटी आहे, तिच्याकडे बघू नकोस.

तुझा,
शौनक

ता. क. पाटीवर 'कै. जयंतीआत्या यांच्या स्मरणार्थ' असं आहे. वर चंदनाचा हार. रविवारी अकरा वाजता उद्घाटन.

ता. क. २. तेव्हा रविवारी कोणी विचारलंच, तर जयंतीची बहीण म्हणून सांग. (धाकटी सांग, खपून जाईल.)

ता. क. ३. वरचं खोड. गंधालीने पत्र वाचलं आणि बायको या नात्याने जे बोलायचं ते सगळं बोलली. मग मी घरोघरी जाऊन खरं सांगून आलो. राजेशभाई म्हणाले, आता उद्घाटन आत्यांच्याच हातून. तर ये. रेलिंग धरून तीन मजले चढ आणि वर येऊन मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. 'कै.'वर मी पट्टी चिकटवली आहे, 'स्मरणार्थ'वर 'सन्मानार्थ'ची. अक्षरं घासून काढू नका, पाटी पुढेमागे लागेल, असं राजेशभाईंचं मत पडलं. म्हणून गोंद मी स्वतः जाऊन दुकानातला सगळ्यात पक्का आणलाय. दुकानदार म्हणाला, पंचवीस वर्षं हलणार नाही.