चढत्या अक्षरांची पाटी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना आता भिंत धरावी लागत नाही, तेव्हा हा नमस्कार मागच्या पत्रातल्यापेक्षा जास्त खरा समजावा.) तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला का? भावोजींचा खोकला उतरला असेल. इकडे सगळं छान चाललं आहे. मी पडलो, असं तुझ्या कानावर आलं असेल तर ते खोटं आहे. मी लोंबकळलो होतो.

झालं ते असं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची पाटी रंगवायला घेतली होती. ‘औषधांचे’ एवढं झालं आणि शिडीवर पाय सटकला. मी वरची पायरी धरून राहिलो, पण डबा काही धरून राहिला नाही, आणि खाली औषधवाला उभा होता. (टक्कल असल्यामुळे लवकर पुसलं गेलं. हिरवा रंग.) सूनबाईला कळलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं माझी शिडी जिन्याच्या कठड्याला सायकलच्या साखळीनं बांधली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. म्हणाली, “बाबा, एका पायावर नीट उभं राहून दाखवा आणि किल्ली घ्या.” मला वाटलं, एवढंच ना? पाय उचलला आणि थेट फ्रिजला मिठी मारली. तिकडे औषधवाल्याचे निरोपावर निरोप: येणारा-जाणारा विचारतो, औषधांचे काय? लवकर पुरं करा, नाहीतर छापील फ्लेक्स लावून मोकळा होतो. ताई, उभा जन्म ब्रशावर काढला मी. माझ्या अर्ध्या पाटीवर फ्लेक्स ठोकलेला बघायचा म्हणजे माझ्यादेखत माझंच नाव कुणीतरी खोडल्यासारखं.

आता सूनबाईच्या डोक्यात हे एका पायाचं खूळ आलं कुठून, तर ती ऑफिसच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. उडी मारून खाली येताना तिचा घोटा मुरगळला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी निदान केलं की पायात ताकद भरपूर आहे, तोल कच्चा आहे. या बाईंचं म्हणणं मला फार पटलं. तोल काही जन्माला येताना बरोबर आणलेला नसतो, तो कमवावा लागतो, आणि वापरला नाही की गुपचूप निघून जातो. खेळाडूला तो उडीनंतर लागतो, आणि आपल्याला ओल्या न्हाणीघरात, बसनं हिसका दिला की, उभ्यानं विजार चढवताना. (विजार मी कैक दिवस पलंगावर बसूनच घालत होतो आणि त्याला आराम म्हणत होतो.) झालं, आमची जोडीनं तालीम सुरू झाली. ती एका पायावर भाजी चिरायची, मी एका पायावर ताटं पुसायचो. ताटं आता स्टीलचीच उरली आहेत. तिकिटाच्या रांगेतही मी सराव सोडला नाही. मागच्या गृहस्थांनीही पाय उचलला, तेव्हा मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, “मला वाटलं, इथला नियम असेल.”

पण काही केल्या मी उजवीकडेच कलंडायचो. दर वेळी उजवीकडे. शेवटी एकदा सूनबाई वैतागून म्हणाली, तो तुमचा रंगाचा डबा आधी वाटेतून उचला. मी डावा हात घातला, डबा उचलला, सहज पाय वर घेतला, आणि काय सांगू ताई, बगळ्यासारखा उभा! सूनबाईनं हे फिजिओबाईंना सांगितलं, तर त्या पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं डावीकडे डबा लटकवून तुमच्या अंगानं तो हिशेबातच धरला आहे, डबा काढला की अंगाचा एक भाग गळाल्यासारखं होतं. मी सूनबाईला म्हटलं, मग झालं की, डब्यासकट पास कर. ती म्हणाली, “कॉपी चालणार नाही.” मग बिनडब्याची तालीम, मग उजव्या हातात डबा (पाणी भरून, रंगावर तिचा विश्वास नव्हता), आणि एके दिवशी मी हूं की चूं न करता उभा राहिलो. तिनं साखळी सोडली. डबा आता शिडीलाच आकड्यावर टांगायचा, हा हुकूम.

चढलो आणि ‘दुकान’ रंगवून उतरलो. औषधवाल्यानं मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. म्हणाला, “काका, पाटी मध्येच मोडली का हो?” बघतो तर ‘औषधांचे’ उजवीकडे चढत गेलेलं आणि ‘दुकान’ आडव्या पट्टीसारखं सरळ! तुला माहीत आहे, मी कधी दोरी मारून रेघ आखली नाही, नजरेवर भरवसा. तर नजर बिचारी डब्याच्या ओझ्यानं वाकली होती. मग गल्लीभर फिरून आलो. न्हावी, शिंपी, चक्कीवाला, सगळ्यांच्या पाट्या माझ्या आणि सगळ्या चढावर! लोक याला माझी ढब समजत होते. मीही समजत होतो.

मी सरळ करून देतो म्हटलं, तर औषधवाला ऐकेना. सरळ तर यंत्रही काढतं, म्हणाला, मला तुमच्या हातचं हवं, ‘दुकान’ पुसा आणि चढतं काढा. फ्लेक्सचं नावही काढलं नाही त्यानं. म्हणजे पुन्हा एकदा शिडी! मी घरी येऊन दोनदा जेवलो.

लोभ आहेच, तो तोल सांभाळून तसाच राहू दे.

तुझा
धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. डबा टांगल्यापासून हाताला वाकडं काही येईनासं झालं आहे. तुझ्या फाटकावरची पाटी माझ्याच हातची, आणि तुझ्या मते सगळ्यांत वाकडी. तिचा समोरून एक फोटो पाठव, म्हणजे माझी मला नक्कल करता येईल. पण फोटोसाठी स्टुलावर चढू नकोस. आधी ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहायला लाग. रोज. गुडघ्याला विचारत बसू नकोस.

ता. क. दुसरा. सूनबाईनं पत्र वाचलं. ती म्हणते, आत्यांना हेही कळवा की ‘दुकान’ रंगवून होईपर्यंत बाबांच्या कमरेचा पट्टा माझ्या मुठीत होता. असेल. पण पट्टा तर माझाच होता.