जगाची भिशी

प्रिय ताई,

हे पत्र उभ्या उभ्या, दुधाच्या भांड्यावर एक डोळा ठेवून वाचू नकोस. गॅस बंद कर, चष्मा शोध (तो बहुधा तुझ्या डोक्यावरच असेल) आणि खिडकीजवळच्या खुर्चीत नीट बसून वाच. फोन असताना पत्र कशाला, असे तू म्हणशील. पण फोनवर मी तुझ्या रक्तदाबाचा विषय काढला की नेमके कोणीतरी तुझे दार वाजवते, आणि "ठेवते रे, मग बोलू" म्हणून तू निसटतेस. जिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात घालवली, तिला लाइन केव्हा तोडायची हे मी काय शिकवणार? पत्राची लाइन मधेच तोडता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

तुझा रक्तदाब गेले काही महिने खाली यायचे नाव घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे तुझ्यादेखतच मला फोनवर सांगितले, आणि "गोळी रोज घेता ना हो?" असे तुला विचारले, तेव्हा तू माझी शपथ घेऊन "रोज घेते" म्हणालीस. मागून पुटपुटलीसही, "आता काय ताम्रपट लिहून देऊ?" माझी शपथ तू खोटी घेणार नाहीस, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळेच मी चक्रावून गेलो. औषध तेच, मात्रा तीच, घेणारी नेमाची, आणि तरी जिन्यात तुला भोवळ येऊन कठड्याचा आधार घ्यावा लागतो, हा ताळेबंद काही केल्या जुळेना. पुढच्या तपासणीलाही आकडा असाच राहिला तर त्या तुला याच्या जोडीला आणखी जोरकस औषध सुरू करणार आहेत. मला त्या औषधाचीच जास्त धास्ती वाटते. का, ते पुढे सांगतो.

आई गेली तेव्हा तू नुकती नोकरीला लागली होतीस आणि मी शाळेत होतो. "डोकं ठणकतंय गं, जरा पडते," एवढेच ती म्हणाली, आणि पडली ती उठलीच नाही. तिचा रक्तदाब कोणी कधी मोजला नव्हता. मोजायला हवा, हे सांगणारेही कोणी नव्हते. त्यानंतर शाळा सुटली की मी थेट तुझ्या एक्सचेंजमध्ये येऊन बसायचो. तुमच्या पर्यवेक्षिकाबाई, ज्यांना तुम्ही सगळ्या पाठीमागे 'भोंगा' म्हणायच्यात, त्या मला पाहूनही न पाहिल्यासारखे करायच्या. स्विचबोर्डच्या फळ्याखालच्या स्टुलावर बसून मी गणिते सोडवायचो आणि वर तुझा आवाज चालू असायचा: "बोला... जोडते... जरा धरून ठेवा." कोण कुठला माणूस कोण कुठल्या माणसाशी बोलायचा, आणि मध्ये तुझा हात असायचा. संध्याकाळी घसा बसलेला असला तरी तू माझी उजळणी घ्यायचीस. वाणिज्य शाखेला जाण्याचा निर्णय माझा होता. पण शुल्क, पुस्तके आणि "पहिला वर्ग सुटला तर घरात पाऊल टाकू नकोस" ही धमकी, हे सर्व तुझे.

शेजारच्या बायका "भाऊ करतो काय?" असे विचारतात आणि तू "जगाची भिशी सांभाळतो" असे सांगतेस, हे माझ्या कानावर आले आहे. प्रारंभी मला ते रुचले नव्हते. वित्त नियंत्रक या शब्दांत थोडा भारदस्तपणा आहे, अशी माझी समजूत होती. पण शांतपणे विचार केल्यावर ध्यानात आले, की इतकी नेमकी व्याख्या आमच्या वार्षिक अहवालातही नाही. अनेक देश एका गल्ल्यात पैसे टाकतात, त्या पैशांतून औषधे एकगठ्ठा आणि म्हणून स्वस्त घेतली जातात, आणि ज्यांच्याकडे ती पोचत नाहीत अशा दवाखान्यांना ती पुरवली जातात. गल्ला भरणे मात्र सोपे नाही. साथ आली की जग खडबडून जागे होते आणि पाकिटे उघडतात. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांची अशी आरडाओरड होत नाही. ते पाहुण्यासारखे येतात आणि घरच्यासारखे राहतात. त्यांच्यासाठी हात पसरला की देणारा आधी विचारतो, "पण हे संपणार कधी?" संपणार नाही, रोज एक गोळी जन्मभर, असे खरे उत्तर द्यावे लागते, आणि तिथेच निम्मे देणारे खुर्चीत चुळबुळ करू लागतात.

आमचा एक नियम होता, तो तुझ्याही ओळखीचा आहे: सर्वांचे हप्ते जमा झाल्याशिवाय उचल नाही. कारखान्याला वर्षाची मागणी एकदम नोंदवली तरच गोळी स्वस्त पडते, आणि एकाने चुकवले तर त्याचा भार दुसऱ्यावर पडू नये, असा त्यामागचा विचार. कागदावर त्यात खोट काढायला जागा नाही; मीही कधी काढली नव्हती. यंदा एका देशात सरकार बदलले, दुसऱ्या देशात कोणाची तरी सही अडकली. बाकीच्यांचे पैसे आमच्याकडे निमूट पडून राहिले आणि तिकडे दवाखान्यांतली कपाटे रिकामी होत गेली. तुझ्या गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यावर "औषधे आल्यावर कळवू" असा कागद लागला, त्याचे मूळ इथे माझ्या मेजावर होते. तुला त्याची झळ लागणार नाही, असे मी गृहीत धरले होते. तुझी गोळी तू चौकातल्या औषधवाल्याकडून, मी पाठवतो त्या पैशांतून घेतेस. तुझे आणि जगाचे खाते वेगळे, असा माझा समज.

गेल्या आठवड्यात परिषद भरली. लांबलचक खोली, प्रत्येकापुढे देशाची पाटी आणि पाण्याचा पेला, आणि प्रत्येकाच्या कानात दुभाष्यांचा आवाज. ते यंत्र कानाला लावले की मला दर वेळी तू आठवतेस. मी प्रस्ताव मांडला, की जमले आहे त्यातून खरेदी आजच सुरू करावी आणि उशिरा येणाऱ्यांकडून नंतर दंडासह वसूल करावे. एका देशाच्या कोषागाराचे गृहस्थ उठले. त्यांच्या कपड्यांना आणि स्वभावाला सुरकुती म्हणून नसते, त्यामुळे आम्ही आपसांत त्यांना 'कडक इस्त्री' म्हणतो. ते मला म्हणाले, "तुम्ही तर हिशोबाची माणसं! आज दोघांना सूट दिलीत की उद्या सगळेच निवांत होतील. मग वेळेवर भरणारा वेडा ठरतो, त्याचं काय?" त्यांच्या जागी मी असतो तर स्वल्पविरामासकट हेच बोललो असतो.

माझ्याजवळ तक्ते होते, आलेख होते. ते बाजूला सारून मी भर परिषदेत एक्सचेंजमधल्या तुझ्या भिशीची गोष्ट सांगितली. तुला आठवत असेल: भोंग्याच्या यजमानांना रुग्णालयात हलवावे लागले, आणि त्या महिन्यात दोघींचे पैसे यायचे होते. बाकीच्या म्हणाल्या, नियम तो नियम. तू डबा भोंग्याच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "उशीर करणारीकडून मी उद्या वसूल करीन, न देऊन जाते कुठे! पण आजारी माणसाला 'उद्या आजारी पड' असं कसं सांगू?" दुभाष्या मुलीने या वाक्याचे नेमके काय केले कोण जाणे, पण निम्मी परिषद हसली आणि उरलेली कानातले यंत्र नीट बसवू लागली.

मग मी त्यांना एका बाईची हकिकत सांगितली. ती एका लहानशा शहरात एकटी राहते आणि स्वतःची गोळी विकत घेऊ शकते. तिच्या शेजारणीची गोळीही तीच, कारण दोघींच्या डॉक्टर एकच. पण शेजारीण दवाखान्यातल्या कपाटावर अवलंबून, आणि कपाट रिकामे. तेव्हा ही बाई रोज सकाळी भाजीच्या सुरीने गोळीचे दोन तुकडे करते. एक स्वतः घेते, दुसरा कागदाच्या पुडीत बांधून शेजारणीला देते. यामुळे दोघींचेही पुरते भागत नाही. शिवाय तिच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसल्यामुळे त्यांना वाटते, की औषधच लागू पडत नाही, आणि त्या आता दुप्पट उपचारांच्या विचारात आहेत. मी म्हणालो, आपला नियम कोणालाही शिस्त लावत नाही. तो फक्त देशांची थकबाकी एका बाईच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. एवढे लांब वाक्य मी परिषदेत एका दमात पहिल्यांदाच बोललो, याची नोंद सुदैवाने इतिवृत्तात होत नाही.

प्रस्ताव एका वर्षापुरता संमत झाला. कडक इस्त्रींनी विरोध केला नाही, बाजूनेही हात वर केला नाही. चहाच्या वेळी मात्र ते कप घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि दुभाष्याशिवाय, मोडक्यातोडक्या भाषेत त्यांनी विचारले, "ती बाई खरी आहे, की भाषणापुरती?" मी म्हणालो, "खरी आहे." ते म्हणाले, "मग माल पोचेपर्यंत तिचं काय?" कारखाना, जहाज, गोदाम, मग दवाखाना, म्हणजे पुढचा महिना सहज उलटणार. हातातला कप तसाच ठेवून मी बाहेरच्या व्हरांड्यात गेलो आणि एक फोन केला.

तो फोन तुझ्या चौकातल्या औषधवाल्याला होता, ताई. ती बाई कोण, हे तुला मघाशीच कळले असेल आणि तू चष्मा काढून खिडकीबाहेर पाहत असशील. परिषदेच्या आधी तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी मला फोन केला होता. नंबर तुझ्या नकळत मिळवला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही ताईंना जास्तीच्या गोळ्या पाठवता, म्हणून माझं निभतंय. रोज सकाळी ताई भाजीच्या सुरीने अर्धी कापून पुडीत देतात. परदेशी गोळी दणकट असते, अर्धीच पुरते, असं ताईंनी सांगितलं." मी आजवर तुला एकही गोळी पाठवलेली नाही. तरीही मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. तुझ्यावर रागावण्यासाठी हे पत्र नाही. आपला घास मोडून देण्याच्या तुझ्या सवयीवरच मी वाढलो आहे, मी कोणत्या तोंडाने रागावू? दवाखान्याचे कपाट भरेपर्यंत औषधवाला शिवणवाल्या बाईंना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, माझ्या खर्चाने, त्यांची पूर्ण गोळी देत राहील आणि 'भाऊंनी पाठवली' एवढेच सांगेल. त्यांना तू म्हण, की या नव्या गोळ्या साध्या आहेत, अख्ख्या घ्याव्या लागतात. डॉक्टरीणबाईंना मी काहीही कळवलेले नाही. अख्ख्या गोळीवर ते जोरकस औषध पडले तर तुझा रक्तदाब एकदम खाली कोसळेल, हीच माझी धास्ती. नवे औषध सुरू होण्याआधी त्यांना खरे सांगणे, तेही दोघींचे, हे तुझे काम आहे, आणि ते तू उद्याच करावेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी आता तुझ्या घरी नाही, ताई. तुला पुन्हा भोवळ आली तर तो कठडा माझ्यापेक्षा तुझ्या जवळ असतो, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. 'भाऊ गोळ्या पाठवतो' असे शेजारात तू जे सांगून ठेवले होतेस, ते खोटे होते. मी ते खरे केले आहे. आता माझ्यावर एक कृपा कर: सकाळी ती सुरी भाजीलाच लाव, आणि तुझी गोळी तू अख्खी घे.

तुझाच,
धाकटा